मुंगीचे बूट

मावशी: अहो, ती यादी आधी खिशात घाला. बूट कुणाला हवेत, तुम्हाला की हिला?

बाबा: हिलाच. पण बाकीचंही घ्यायचंय ना. छोटी सॅक, रेनकोट, टोपी, मोज्यांचे दोन जोड, पाण्याची बाटली, शिट्टी... नाही, शिट्टी नको. शिट्टी खोडतो. पुढच्या रविवारी निघायचंय आम्हाला. लिहून आणलं म्हणजे ऐनवेळी धांदल नको.

मावशी: बावीस वर्षं हे दुकान चालवतेय मी. यादी घेऊन येणारे बाप दुकानातलं सगळं नेतात आणि पोराला विचारायचं तेवढं विसरतात. काय गं, नाव काय तुझं?

मुंगी: मुंगी.

मावशी: शाळेतलं विचारत नाही हं मी. मुंगीच बरं आहे. मुंगी का पण?

मुंगी: मी न थांबता चालते म्हणून. बाबानं ठेवलंय.

बाबा: पाच वर्षांची असल्यापासून. बाकीची पोरं दहा पावलांवर बसकण मारायची, पण ही कधी नाही.

मावशी: असं का? ये, मुंगीबाई, ह्या फळीवर उभी राहा. मोजे राहू देत. टाच मागे टेकव. दोन्ही पायांवर सारखी उभी राहा, खांबाला धरू नकोस.

बाबा: बसवून नाही मोजत?

मावशी: बसल्यावर पाय कुठे चालतो? अंगाचा भार पडला की पाय पसरतो, बोट बोट लांब होतो. उभ्यानं मोजायचा, तोही दुपारनंतर, चालून दमल्यावर. म्हणून तर फोनवर म्हटलं तुम्हाला, चारनंतर या.

बाबा: हं.

मावशी: का हो? चेहरा का उतरला?

बाबा: काही नाही. तुम्ही मोजा.

मावशी: वय काय म्हणालात?

बाबा: सात. सात वर्षं, दोन महिने.

मावशी: चवडा रुंद आहे हिचा. बरं, हा निळा जोड घालून बघू. थांब हं, आतून काढून आणते... हां. दे पाय. लेस मीच बांधते, तू नंतर शीक. आता त्या कोपऱ्यात उतरती फळी दिसतेय ना, दगड बसवलेली? चढ आणि उतर. सावकाश. तीन फेऱ्या मार.

बाबा: चार किलोमीटरचाच रस्ता आहे, बरं का. वरती पाण्याची टाकी आहे, तिथपर्यंत. साडेसहाला निघायचं, दर चाळीस मिनिटांनी दहा मिनिटं थांबा, ऊन चढायच्या आत खाली. ह्या वेळी मी सगळं नीट आखलंय.

मावशी: ह्या वेळी?

बाबा: म्हणजे... ह्या वेळी.

मावशी: काय मुंगी, कसा वाटतोय बूट?

मुंगी: छान आहे.

मावशी: बोटांना पुढे काही लागतंय? उतरताना?

मुंगी: नाही.

मावशी: टाचेला?

मुंगी: नाही. छान आहे, मावशी. रंग पण छान आहे.

बाबा: सांगितलं ना, ती कुरकुर करणाऱ्यांतली नाहीच. बांधा हा जोड.

मावशी: थांबा, घाई काय आहे. मुंगी, इकडे ये, बस. उजवा बूट काढते हं मी.

(मावशी बुटात हात घालून कागदाचा चुरगळलेला बोळा बाहेर काढते आणि काउंटरवर ठेवते.)

बाबा: हे काय?

मावशी: जुन्या वर्तमानपत्राचा बोळा. चांगला आवळ्याएवढा आहे. मीच घातला होता, अंगठ्यापाशी.

बाबा: लहान मुलांना असं फसवता तुम्ही?

मावशी: येईल त्या प्रत्येक पोराला. पहिल्या बुटात बोळा असतोच. एकदा एक पोरगा असाच छान छान म्हणत बूट घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी त्याची आई तो जोड माझ्या डोक्यात घालायला आली. तेव्हापासून कानाला खडा. जे पोर दोन पावलांत बोंब मारतं, त्याचं मी पुढे सगळं खरं मानते. ही तुमची तीन फेऱ्या मारून आली. उतारावरून.

मुंगी: सॉरी.

बाबा: तू कशाला सॉरी म्हणतेस? मुंगी, तुला कळलं नाही का आत काहीतरी आहे ते?

मुंगी: कळलं.

बाबा: मग?

मुंगी: चालता येत होतं ना.

मावशी: चालता येत होतं. बरं. मोजा काढ बघू.

मुंगी: मोजा राहू दे ना.

बाबा: काढू दे त्यांना, बाळा.

मावशी: अगं बाई. हे टाचेवर काय झालंय? केवढा व्रण आहे हा!

बाबा: फोड होता. बुटाचा फोड. मग पिकला.

मावशी: फोडाचा असा व्रण राहत नाही. चिरा दिलेला आहे हा.

बाबा: हो. मुंगी, त्या मागच्या भिंतीवर सॅक लावल्यात बघ. तुला आवडेल ती निवड जा. पाठीवर लावून बघ. जा.

मुंगी: मी इथूनच बघते.

बाबा: जा ना, बाळा.

मुंगी: बरं.

मावशी: आता बोला. ती सॅक बघणार नाही, कान इकडेच ठेवणार. पण तुम्ही बोला.

बाबा: अडीच महिन्यांपूर्वी गेलो होतो. तिच्या वाढदिवसाच्या आठवड्यात. बूट मीच आणले होते, गुपचूप. तिला सकाळी उशाशी सापडावेत म्हणून. त्यासाठी माप हवं होतं, तर ती झोपलेली असताना टेपनं पाय मोजला.

मावशी: झोपलेली असताना.

बाबा: हो. आडवी होती. मघाशी तुम्ही उभ्यानं मोजायचं म्हणालात, तेव्हा कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. आजवर मला वाटायचं, बूटच वाईट निघाले. मी त्या कंपनीला लांबलचक पत्रसुद्धा लिहिलं होतं.

मावशी: आणि पोरीनं ते घातले.

बाबा: घातले आणि घरभर नाचली. मी विचारलं, बसतात ना गं? म्हणाली, छान आहेत. माझा मित्र होता बरोबर आणि त्याचे दोन मुलगे. ते दोघं पहिल्या चढालाच रडायला लागले. म्हणून मी एक खेळ काढला. जो कुरकुर करणार नाही तो सगळ्यांच्या पुढे चालणार, त्याच्या गळ्यात शिट्टी. कुरकुर केली की मागे.

मावशी: शिट्टी शेवटपर्यंत हिच्याच गळ्यात राहिली असणार.

बाबा: सहा तास. आणि मी त्या पोरांना सांगत होतो, बघा, मुंगीकडे बघा, हूं नाही की चूं नाही. दर वळणावर सांगत होतो. मला काय मोठेपणा वाटत होता म्हणून सांगू! माझी पोरगी. उतरताना ती चवड्यांवर चालायला लागली. टाचा उचलून, तुरूतुरू. मला वाटलं मजेत आहे, नाचतेय.

मावशी: अरे देवा.

बाबा: व्हिडिओ काढला मी. सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं, आमची मुंगी नाचत डोंगर उतरते. काकापासून आत्यापर्यंत सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या.

मावशी: पुसून टाकलात की नाही तो?

बाबा: नाही. बघतो अधूनमधून. मुद्दाम बघतो.

मावशी: घरी कधी कळलं मग?

बाबा: पाचव्या दिवशी. ताप भरला तेव्हा. रक्ताचे मोजे तिनं दप्तराच्या तळाशी कोंबून ठेवले होते. हिच्या आईला सापडले. ती एकच म्हणाली, गाडी काढ. त्यानंतर तीन दिवस दवाखान्यात. आणि आजतागायत त्यावर ती मला एक शब्द बोललेली नाही. भांडली असती तर सुटलो असतो हो मी.

मावशी: आणि आता पुढच्या रविवारी टाकीचा डोंगर.

बाबा: मला एक चांगला दिवस हवाय तिच्यासाठी. सगळं बरोबर केलेला. बूट बरोबर, मोजे बरोबर, रस्ता लहान. म्हणजे डोंगर म्हटलं की तिला तो दवाखाना नाही आठवणार.

मावशी: तिला की तुम्हाला? आणि तिच्या आईला पसंत आहे हे?

मुंगी: आम्ही लायब्ररीत आहोत.

मावशी: काय म्हणालीस?

मुंगी: आईला सांगितलंय, आम्ही लायब्ररीत आहोत. पुस्तक बदलायला.

मावशी: वा, साहेब! म्हणजे टाचेचं झाकून ठेवायला तिची ती शिकली, आणि आता दुकानाचं झाकायला तुम्ही शिकवलंत.

बाबा: मी सांगणार होतो. बूट घेऊन घरी गेलो की सांगणार होतो. आधी विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती.

मावशी: ये गं, मुंगी, इथे बस माझ्यापाशी. कुठली सॅक आवडली?

मुंगी: बाबाला कुठली आवडली?

मावशी: बाबाच्या पाठीवर नाही लावायची ती. आणि तुला सांगते, तुझ्या सॅकमध्ये एक पाण्याची बाटली आणि तुझ्या आवडीची एक वस्तू, बस. बाकीचा पसारा बापानं वाहायचा, त्यासाठीच देवानं त्याला खांदे दिलेत. बरं, मला एक सांग. रविवारी जायचंय तुला?

मुंगी: हो.

मावशी: कुठपर्यंत?

मुंगी: बाबा म्हणेल तिथपर्यंत.

मावशी: ऐकलंत? बोळा अजून आतच आहे.

बाबा: मुंगी, इकडे बघ माझ्याकडे. मी खाली बसतो, हे बघ, तुझ्याएवढा झालो. आता मला खरं सांग. मी अजिबात रागावणार नाही.

मुंगी: तू रागावतच नाहीस.

बाबा: मग सांगायला काय होतं?

मुंगी: तू गप्प बसतोस. आणि भांडी घासतोस.

बाबा: भांडी?

मुंगी: मी ड्रेसिंगच्या वेळी ओरडले ना, तेव्हा तू स्वयंपाकघरात गेलास आणि धुतलेली भांडी परत घासलीस. आई म्हणाली, घासू दे त्याला.

बाबा: तुला ऐकू येत होतं ते?

मुंगी: आणि दवाखान्यात तू रडलास. खुर्चीत. मी झोपले नव्हते, डोळे मिटले होते नुसते. तू उशीपाशी डोकं ठेवून सारखं माझं चुकलं, माझं चुकलं म्हणत होतास.

बाबा: मुंगी...

मुंगी: म्हणून मी नाही सांगत. मी दुखतं म्हटलं की तू परत तसं करशील.

मावशी: साहेब, आता तोंड पाडायचं नाही हं. तुम्ही तोंड पाडलंत की ही दार लावून घेईल आणि मग तुमची ती यादी पाठ केली तरी उघडायची नाही.

बाबा: नाही पाडत.

मावशी: पाडलंयत.

बाबा: नाही हो. माझं तोंडच असं आहे.

मुंगी: त्याचं तोंड तसंच आहे, मावशी. फोटोत पण.

मावशी: बरं बाई, तू म्हणतेस म्हणून सोडते. विचारा आता तिला. नीट विचारा. दुखतं का म्हणून नका विचारू, त्याला नाही म्हणणं सोपं असतं. कुठे दुखतं म्हणून विचारा.

बाबा: मुंगी, कुठे दुखतं?

मुंगी: आत्ता?

बाबा: आत्ता. किंवा कधीही.

मुंगी: इथे. व्रणाच्या खालच्या बाजूला. बसल्यावर नाही दुखत.

बाबा: चालल्यावर?

मुंगी: शाळेच्या बुटात. शाळेत जाताना थोडं. येताना जास्त.

बाबा: रोज?

मुंगी: रविवारी नाही. रविवारी शाळा नसते.

बाबा: कधीपासून? म्हणजे... पट्टी काढली तेव्हापासून?

मुंगी: हो. मी उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर चालते. मग कमी दुखतं. बाईंनी एकदा विचारलं, तर मी म्हटलं, मला असंच चालायला आवडतं.

बाबा: रोज मी सोडायला येतो तुला. दीड महिना रोज तुझ्या शेजारून चालतोय मी. हात धरून.

मुंगी: तू फोनवर रस्ते बघत असतोस. डोंगराचे. रविवारसाठी.

बाबा: ...हो.

मुंगी: बघ, तू तसं करतोयस.

बाबा: नाही करत. थांब. थोडं पाणी पितो. मावशी, पाणी आहे का हो?

मावशी: मागे माठ आहे. तिथे भांडंही आहे एक, पण ते घासलेलंच आहे, सांगून ठेवते.

मुंगी: मावशी, तो हसला.

मावशी: हसायलाच हवं होतं त्यानं. तू ते सगळं किती नीट सांगितलंस, माहितीये? खालच्या बाजूला, बसल्यावर नाही, येताना जास्त. मोठी माणसंसुद्धा एवढं नेमकं सांगत नाहीत, नुसती हाय हाय करतात. डॉक्टरांना अस्संच सांगायचं.

मुंगी: परत चिरा देतील?

मावशी: ते मला माहीत नाही. मी बूट विकते. खोटं कशाला सांगू?

बाबा: मला पण माहीत नाही, मुंगी. पण उद्या सकाळी विचारू, तू, मी आणि आई. आणि चिरा द्यायचा झाला, तर तू पाहिजे तेवढी ओरड. मी तिथेच थांबेन. स्वयंपाकघरात जाणार नाही.

मुंगी: दवाखान्यात स्वयंपाकघर नसतंच.

बाबा: कुठेच जाणार नाही.

मुंगी: आणि रडू आलं तर?

बाबा: आलं तर येईल. माझं रडू मला येतं, ते तू आवरायचं नाही. तुझं काम दुखलं की सांगायचं. एवढंच.

मुंगी: तू रागावलायस का स्वतःवर?

बाबा: हो. खूप. आणि तो राग इतक्यात जाणारही नाही. पण तो माझा मी बघेन, मुंगी. तू त्याच्यासाठी कडेवर चालायचं नाही.

मुंगी: बरं.

मावशी: तर ऐका. आज मी तुम्हाला बूट देत नाही. तो निळा जोड परत वर ठेवतेय. ही टाच डॉक्टरांनी बघेपर्यंत मागून बंद असलेलं काहीही हिच्या पायात घालायचं नाही. ही मऊ चप्पल घालू दे, मागे पट्टा नाही हिला. शाळेला दोन ओळींची चिठ्ठी लिहा, बुटांची सवलत द्या म्हणावं. यादीतलं दुसरं काही मिळणार नाही.

बाबा: बरोबर आहे तुमचं. रविवार रद्द. तो डोंगरच रद्द.

मुंगी: रविवार पण?

बाबा: म्हणजे... तुला जायचं होतं?

मुंगी: चालायचं नव्हतं. डबा न्यायचा होता.

बाबा: नुसता डबा?

मुंगी: डबा मला आवडतो. तू झाडाखाली बसून डबा उघडतोस, आणि झाकण जोरात निघतं, आणि नेहमी काहीतरी तुझ्या शर्टावर सांडतं. ते आवडतं. मधलं चालणं नाही एवढं आवडत.

बाबा: कधीच नाही आवडलं?

मुंगी: खाली उतरल्यावर आवडतं. संपलं म्हणून.

मावशी: घ्या. दोन वर्षं मुंगी मुंगी केलंत!

बाबा: आता कुठे जायचं मग? तू सांग. डबा घेऊन.

मुंगी: आपल्या घरासमोरून बस जाते ना, तिचा शेवटचा थांबा. तिथे काय आहे ते मला कधीच बघायला मिळालं नाही. तिथे उतरायचं, बाकावर बसून खायचं आणि परत त्याच बसनं यायचं.

बाबा: छान. पहिली बस सातला असते, म्हणजे साडेसहाला आवरून... अर्धा तास जाताना, तिथे सावली कितपत आहे ते बघावं लागेल, आणि टोपी, पाण्याच्या दोन...

मावशी: साहेब.

बाबा: हो हो. सॉरी. जी मिळेल ती बस.

मुंगी: आई पण येईल?

बाबा: विचारू तिला. आधी मात्र मी तिला सांगणार आहे की आपण लायब्ररीत नव्हतो. मी सांगणार, तू नाही. तू नुसती तिथे बस.

मुंगी: ती काही बोलली नाही तर?

बाबा: तर आपण थांबू, ती बोलेपर्यंत. मी भांड्यांना हात लावणार नाही.

मावशी: निघा आता. मला दुसरी गिऱ्हाइकं आहेत, दारात बघा, तो बाप केवढी यादी घेऊन उभा आहे. ये गं पुन्हा, मुंगी. टाच बरी झाली की ये, आणि बूट नको असतील तरी ये.

मुंगी: येईन, मावशी.

बाबा: चल. अंहं, चालू नकोस. ये, उचलून घेतो.

मुंगी: मी मोठी आहे.

बाबा: माहीत आहे.

मुंगी: लोक बघतील.

बाबा: बघू देत. हात टाक मानेभोवती. हं, अशी. किती जड झालीस गं तू! कधी झालीस?

मुंगी: बसस्टॉपपर्यंत?

बाबा: घरापर्यंत. बसमध्ये मांडीवर बस. नीट आहेस ना?

मुंगी: हो.

बाबा: नक्की?

मुंगी: बाबा, तुझं घड्याळ टोचतंय.